शेपटाच्या चार कड्या

माझी सून गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. घरातल्या बाईने घरच्याच गॅलरीत जाताना दार कशाला ओढावं? त्या दिवशी सकाळी मी दाराला कान लावला, तर पलीकडून साखळीचा आवाज. किण्. मग थांबायचं. मग पुन्हा किण्. मी दार ढकललं. ही टोपल्यांखाली उभी, दोन्ही हात पाठीमागे.

"काय चाललंय?"

"काही नाही, आई. टॉवेल वाळत घालत होते."

"कुठाय टॉवेल?"

तिने आपल्या हातांकडे बघितलं. हातात टॉवेल नव्हता. "आतच राहिला वाटतं," म्हणाली आणि माझ्या बगलेतून सटकली.

मला खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग येत नाही. खोटं नीट बोलता येत नाही त्याचा येतो. निदान एखादा रुमाल तरी धरायचा हातात.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि घरात माझं म्हणावं असं एकच ठिकाण, ती गॅलरी. अकरा पावलं लांब, तीन पावलं रुंद. खाली जमिनीवर कुंड्या ठेवल्या तर चालायला जागा उरत नाही, म्हणून मी भाजी वर टांगली. छताखालून लोखंडी नळी आडवी गेली आहे, तिला सात आकडे, सात आकड्यांना सात साखळ्या, सात साखळ्यांना सात टोपल्या. दोनांत टोमॅटो, बारक्या जातीचे, वेल खाली लोंबणारे. दोनांत मिरची. एकीत पालक, एकीत पुदिना, आणि टोकाच्या टोपलीत काकडी, जी सगळ्यांत जास्त नखरे करते. टोपल्या तारेच्या आहेत. आतून तरट लावायचं, त्यात माती थोडी आणि काथ्याचा भुसा जास्त. नुसती माती भरली तर एक दिवस नळीसकट सगळं डोक्यात येईल. टांगलेल्या टोपलीला चहूकडून वारा लागतो, त्यामुळे ती सगळीकडून सुकते. वरून बोट खुपसून काही कळत नाही. खालून तळहात लावायचा आणि टोपली जराशी उचलायची. हलकी लागली तर तहानलेली. जड लागली तर तिला राहू द्यायचं. रोज सकाळी मी असा सातही टोपल्यांना हात लावते, आणि रोज सकाळी सूनबाई चहाचा कप घेऊन दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत उभ्या राहतात.

"काय बघतेस?"

"काही नाही. टोमॅटो लागलेत छान."

टोमॅटो वर आणि हिची नजर माझ्या कोपरावर. मला काय दिसत नाही होय?

आता संशय कसा आला ते सांगते. टोमॅटोच्या टोपल्यांखालून मी ताठ चालत जायची, केसालाही पान लागायचं नाही. एके दिवशी झुबका कपाळाला लागला. वेल आहे, वाढतो, लोंबतो, असं मी म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात मिरचीचं पान डोळ्यात गेलं. मिरचीचं झाड वर वाढतं, ते कशाला खाली येईल? तेव्हा मी साखळी बघितली. मी टोपल्या टांगल्या तेव्हा साखळी लांब होती, म्हणून मधलीच कडी आकड्यात अडकवली होती आणि वरच्या नऊ कड्या शेपटासारख्या मोकळ्या लोंबत ठेवल्या होत्या. सातही साखळ्यांना नऊ-नऊ. शाळा माझी चौथीत सुटली, पण मोजायला मी कुणाला ऐकत नाही. आता मोजल्या तर चार. सातही शेपटांना चार-चार.

म्हणजे कुणीतरी एकेक कडी सोडत टोपल्या खाली आणल्या होत्या. पाच वेळा. सातही. दार लावून.

"टोपल्या कुणी हलवल्या?" मी जेवताना विचारलं.

मुलगा ताटातून वर बघेना. सून म्हणाली, "वारा असेल, आई."

"वाऱ्याला कड्या मोजता येतात?"

"मग भार पडून खाली आल्या असतील. पाणी पिऊन जड होतात ना."

"सातही जणी एकसारखं पाणी पिऊन एकसारख्या खाली आल्या? शाळेतली कवायत आहे का?"

मुलाला ठसका लागला. तो हसत होता, पण आईसमोर हसायची सोय नाही म्हणून त्याने पाणी प्यायलं.

मी ताटं उचलली. पण मला माहीत होतं काय चाललंय. दोन महिन्यांपूर्वी एक काचवाला घरी आला होता. गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मापली, नळीकडे बघून म्हणाला, "हे सगळं काढावं लागेल." मी विचारलं तर मुलगा म्हणाला, "नुसतं बघायला बोलावलाय गं, धूळ येते ना फार." काचवाला गेला, पण त्यानंतर दाराच्या चौकटीवर मला पांढऱ्या खडूची रेघ दिसली. मग दुसरी. मग तिसरी. एकाखाली एक, दोन-दोन बोटांवर. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले तर सून म्हणाली, "राहू द्या आई, मापाच्या आहेत." मापाच्या! म्हणजे काचा इथपर्यंत येणार. टोपल्या एकदम काढल्या तर म्हातारी आरडाओरडा करेल, म्हणून रोज थोडं-थोडं खाली आणायचं. जमिनीला टेकल्या की म्हणायचं, "आई, आता पायात येतात, काढू या का?"

मग स्टूल गेलं. काकडीच्या टोपलीला मी स्टुलावर चढून पाणी घालायची. एके दिवशी स्टूल नाही. "वरच्यांनी मागितलं, पंखा पुसायचा होता," सून म्हणाली. तीन आठवडे कुणी पंखा पुसतं का? वरच्यांकडे एकूण पंखे किती?

हे सगळं मला इतकं का लागलं, ते कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगते.

मी सव्वीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात काम केलं. ओल्या चादरी तारेवर टाकायचं काम. चादर ओली असली की माणसाएवढी जड असते. तारा तीन होत्या, एकावर एक. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरच्या तारेवरच्या चादरी आधी वाळायच्या, आणि वरची तार म्हणजे धुलाईघरातला मान. जिचा हात सगळ्यांत लांब जाईल तिला वरची तार. मला बाया 'शिडी' म्हणायच्या. मुकादम बोलवायचा तेही "ए शिडी" असंच. मला त्याचा अभिमान होता. आमचं धुलाईघर बंद पडलं तेव्हा तारेच्या टोपल्या भंगारात निघाल्या, त्यातल्या सात मी डोक्यावरून घरी आणल्या. याच त्या.

माझ्याआधी वरची तार एका बाईकडे होती. तिला सगळ्या मोठी मावशी म्हणायच्या. तिनेच मला शिकवलं, चादर झटकून अशी टाकायची की मध्ये चुणी पडू नये. पण मी लागले तोवर तिचा हात थकला होता. चादरीचं टोक जमिनीला लागायचं आणि चादर परत धुवायला जायची. एक दिवस मी मुकादमाला हे सांगितलं. खोटं नाही बोलले. जे होतं तेच सांगितलं. मुकादमाने सगळ्यांसमोर पाना आणून मावशीची तार हातभर खाली घेतली. "आता पोचेल मावशी," तो म्हणाला. मावशी हसली. महिन्याभरात तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. मग दाराजवळ एक खुर्ची दिली, नुसतं बसायला. मग एक दिवस खुर्ची रिकामी दिसली, आणि दुसऱ्या दिवशी तीही उचलली. वरची तार मला मिळाली.

जिची तार खाली आली, ती बाई गेली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून त्या मोकळ्या कड्या मी रोज मोजत होते.

आता खांद्याचं. उजवा खांदा माझा दोन वर्षांपासून धरला होता. हात वर नेला की आत कुणी सुई टोचल्यासारखं व्हायचं. मी कुणाला बोलले नाही. बोललं की आधी डॉक्टर, मग गोळ्या, मग "आई, तुम्ही बसा". 'तुम्ही बसा' याच्याएवढी वाईट शिवी मला दुसरी माहीत नाही. मी चोरून तेल चोळायची. आणि खरं सांगते, गेले दोन महिने गुण येत होता! टोपलीपर्यंत हात पोचत नव्हता तो पुन्हा पोचायला लागला. खालच्या मजल्यावरच्या बाईला मी जिन्यात थांबवून सांगितलं, "डॉक्टरांच्या नादी लागू नका. तेल लावा. माझ्याकडे बघा." तिने गुडघ्यासाठी अर्धी बाटली नेली.

माझा हात बरा होत होता आणि इकडे हे लोक माझ्या टोपल्या उतरवत होते. यापेक्षा दुष्टपणा काय असतो?

सुनेचा धंदाच मुळी लपवाछपवीचा. ती शिवणकाम करते. सकाळी एका शिंप्याच्या दुकानात, दुपारनंतर घरी. एकदा जेवताना हसत-हसत सांगत होती, "गिऱ्हाईक आलं की 'तुमचं माप वाढलं' असं तोंडावर कधी म्हणायचं नाही. शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलेली असते, ती गुपचूप सोडायची. तो घालतो, म्हणतो, बघा, अजून बसतोय मला! खूश होऊन जातो." मुलगा हसला. मी नाही हसले. म्हटलं, बघा, ही कशी माणसाला फसवते आणि वर त्याचं हसूही घेते.

मलाही तिने एक गाऊन शिवला होता. माप घेताना म्हणाली, "हात वर करा, आई." डावा वर केला. उजवा खांद्यापर्यंत गेला आणि थांबला.

"अजून थोडा?"

"कशाला? मला काय छताला रंग द्यायचाय?"

"बरं, पुरे," ती म्हणाली आणि तिच्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. गाऊन आला तो उजव्या मुंढ्यात, बाही जोडतात तिथे, ढगळ. डावीकडे बरोब्बर, उजवीकडे दोन बोटं सैल. मी म्हटलं, "दुकानातल्या लोकांसाठी नीट शिवतेस, सासूसाठी हात आखडता घेतेस." ती म्हणाली, "कापड तिरकं गेलं, आई." तिरकं गेलं म्हणे. अठरा वर्षं शिवते ही.

मग मी ठरवलं की हिला रंगेहाथ पकडायचं.

मंगळवारी दुपारी मी मोठ्याने सांगितलं की खालच्या बाईकडे जाऊन येते. चपला घातल्या, बाहेरचं दार आपटलं, आणि चपला हातात घेऊन परत आत आले. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. स्वतःच्या घरात चोरासारखी उभी राहायची वेळ माझ्यावर आणली, हा हिशेबही मी तिच्याच नावावर धरला.

ती मशीनवरून उठली. पलंगाखालून स्टूल काढलं. माझं स्टूल! वरच्यांचे पंखे पुसणारं! ते घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. पण त्या दाराची कडी नीट बसत नाही, एक फट राहते, आणि त्या फटीला मी डोळा लावला.

ती स्टुलावर चढली नाही आधी. टोमॅटोच्या टोपलीखाली उभी राहिली, डोळे मिटले आणि उजवा हात वर केला. पूर्ण नाही. खांद्यापर्यंत सरळ, मग कोपर वाकवून जरासा वर. तिथे थांबवला. दात आवळल्यासारखा चेहरा केला. तळहात वर केला, जसा मी करते. तळहात टोपलीच्या बुडाला लागला नाही. दोन बोटं अंतर राहिलं. तिने डोळे उघडले, ते अंतर बघितलं, आणि मग स्टुलावर चढून टोपलीचा सगळा भार एका खांद्यावर घेतला आणि आकड्यातून कडी सोडवली. किण्.

मी दार ढकललं.

"उतर खाली."

टोपली तिच्या खांद्यावर होती. सुका भुसा गळ्यावर सांडला होता. तिने कडी अडकवली, हात पुसले आणि उतरली. पळाली नाही, हे बघितलं मी.

"काचवाला कधी येणाराय?"

"कोण काचवाला?"

"अगं, वेड पांघरू नकोस! गॅलरी मापून गेला तो."

"त्याला तर मी तेव्हाच नाही म्हटलं, आई. काचा लावल्या तर टोपल्यांना वारा कुठून लागणार? विचारा तुमच्या मुलाला. आठ दिवस बोलत नव्हते माझ्याशी, धूळ-धूळ करत."

"मग या रेघा कुणाच्या?"

तिने हात खिशावर ठेवला. तिच्या गाऊनच्या खिशात शिंप्याचा खडू होता, त्याचं पांढरं खिशावर उमटलं होतं.

"मी विचारतेय, या मापाच्या रेघा कुणी मारल्या?"

"मी."

"कशाचं माप?"

ती जमिनीकडे बघायला लागली. अठरा वर्षांत ही बाई माझ्यासमोर कधी रडली नाही, आणि आताही रडत नव्हती. दुकानात गिऱ्हाईक 'शर्ट आटला का हो?' असं विचारतं, तेव्हा ती अशीच खाली बघत असणार.

मी चौकटीकडे वळले. रेघा आता सहा झाल्या होत्या. सहावी ताजी होती, सगळ्यांत खालची. मी चौकटीला खेटून उभी राहिले आणि उजवा हात वर केला, जेवढा जातो तेवढा. सुई टोचली. बोटांची टोकं बघितली. बरोब्बर त्या सहाव्या रेघेवर.

पहिली रेघ माझ्या बोटांपासून चांगली वीतभर वर होती. तिथे दोन महिन्यांपूर्वी माझा हात पोचत होता.

तेलाने काही झालं नव्हतं. हात बरा झाला नव्हता. हात खाली येत होता, आणि टोपल्या त्याच्या मागोमाग खाली येत होत्या. मी आपली जिन्यात उभी राहून सांगत होते, माझ्याकडे बघा.

"रोज सकाळी बघत होतीस ते हेच?"

"हो."

"आणि स्टूल?"

"एकदा हललं होतं तुमच्या पायाखाली. मी बघितलं. तुम्ही बोलला नाहीत."

"मुंढा?"

"तोसुद्धा." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही उतरवू दिल्या असत्या का?"

नसत्या दिल्या. खांदा निखळला असता तरी नसत्या दिल्या. पण हे तिला कशाला सांगायचं?

मी टोमॅटोच्या टोपलीखाली गेले. तळहात लावला. लागला, अगदी सहज. उचलून बघितली. हलकी होती, तहानलेली. बाजूच्या सहा टोपल्या अजून एक कडी वर होत्या, त्यामुळे ही एकटीच खाली आल्यासारखी दिसत होती. वर बघितलं. हिच्या शेपटाला तीनच कड्या राहिल्या होत्या. त्या संपल्या की साखळीही संपली.

मला मोठी मावशी आठवली. पाना घेतलेला मुकादम आठवला, आणि रांगेत उभ्या राहून बघणाऱ्या आम्ही सगळ्या. मावशीची तार उतरवताना तेव्हा कुणी दार लावून घेतलं नव्हतं. मी तर सगळ्यांत पुढे उभी होते.

सून अजून तशीच उभी होती, मानेवर सुका भुसा. मी पदराने तो पुसणार होते, पण सवय नाही. मी टोपलीला घालायचा पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

"काम कच्चं आहे तुझं," मी म्हटलं. "एक टोपली खाली आणि सहा वर, असं कुणी करतं का? त्या सहाही उतरव. आत्ता. काकडीला दोन कड्या सोड, तिचं ओझं मला पेलत नाही. खालच्या बाईला तेलाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, तिचा गुडघा तिचा ती बघेल. आणि या शेवटच्या तीन कड्या मी सांगेन तेव्हाच सुटतील, तुझ्या खडूने नाही. मी इथे उभी असताना सोडायच्या, माझ्यासमोर. यापुढे हे दार लावायचं नाही."